इंग्लिश क्रिकेटची निधनवार्ता

भारत हरला की पाच मिनिटांत आपल्या ग्रुपवर हार घातलेला फोटो येतो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तो पाहिला की मला १८८२चं लंडन आठवतं.

२९ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडला जिंकायला ८५ धावा हव्या होत्या. २ बाद ५१ वरून सगळा डाव ७७ वर आटोपला. ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थने सामन्यात १४ बळी घेतले. त्या दिवशी एक प्रेक्षक मैदानातच कोसळून वारला, असं सांगतात.

या पराभवावर अग्रलेख कुणीही पाडला असता. दोन पत्रांनी मात्र निधनवार्ता छापली. पहिली, ३१ ऑगस्टची, ‘क्रिकेट’ साप्ताहिकात. त्याचा संपादक चार्ल्स ऑल्कॉक हा ओव्हलच्या सरे क्लबचाच सचिव, म्हणजे घरचंच सुतक! सुरुवात त्यांनी थडग्यावरच्या लेखासारखी गंभीर केली, पण शेवटी बाद झालेल्या पीटच्या नावावर कोटी केल्याशिवाय काही राहवलं नाही. तो मजकूर आज अभ्यासकांपुरताच उरलाय.

दुसरी २ सप्टेंबरची, ‘स्पोर्टिंग टाइम्स’मधली. हे गुलाबी कागदावरचं, घोड्यांच्या शर्यती आणि चावट गप्पांचं पत्र. गंमत अशी की चेहरा सरळ ठेवला तो यांनीच. रेजिनाल्ड शर्ली ब्रूक्सने तारीख, ठिकाण, शोकाकुल मित्रपरिवार एवढंच लिहिलं. धावफलक नाही, स्पॉफर्थचं नावही नाही. खाली फक्त एक टीप: देहाचं दहन होईल आणि रक्षा ऑस्ट्रेलियाला नेली जाईल.

आपल्याला वाटतं, त्यात काय? आपल्याकडे दहनच करतात. इथेच विनोद आपल्या हातून निसटतो. तिकडे पुरायची रीत, आणि दहन कायद्यात बसतं का यावर तेव्हा वाद चालू होता. कोर्टाचा निकाल लागला १८८४मध्ये. ब्रूक्सचे वडील ‘पंच’चे संपादक, आणि १८७४मध्ये दहनाच्या बाजूने सही करणाऱ्यांपैकी एक. पोराने घरातलाच विषय क्रिकेटच्या तिरडीवर ठेवला.

मैदानात खरोखर गेलेल्या माणसाचा उल्लेख दोन्हीकडे नाही. मला ते बरोबर वाटतं. निधनवार्तेचं सोंग खेळापुरतंच चालतं. त्या घरी ते कुणी वाचलं असेल तर काय वाटलं असेल, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही.

त्याच हिवाळ्यात आयव्हो ब्लाय इंग्लंडचा संघ घेऊन ऑस्ट्रेलियात पोचला आणि ती रक्षा परत न्यायला आलोय, असं भाषणांतून सांगू लागला.