मुरुड-जंजिरा परिसर आणि रेल्वे : वाहतूक नियोजनाचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावली. ज्या मुंबईतून ती सुटली त्याच मुंबईच्या दक्षिणेस, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वसलेले मुरुड मात्र आजही रेल्वेपासून वंचित आहे. कोकणात रेल्वे आली असे आपण सर्रास म्हणतो. परंतु मुरुड, म्हसळा व श्रीवर्धन या पूर्वीच्या जंजिरा संस्थानातील तालुक्यांना हे विधान लागू पडत नाही. याचे कारण केवळ प्रतिकूल भूगोल आहे, की वेळोवेळी झालेल्या नियोजनविषयक निर्णयांचाही त्यात वाटा आहे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संस्थानकाळ व जलमार्ग :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक संस्थानिकांनी आपल्या मुलखात रेल्वे आणली. भावनगरमध्ये १८८० साली, तर कोल्हापूरमध्ये मिरजेमार्गे १८९१ साली रेल्वे पोहोचली. जंजिरा संस्थानात असे घडले नाही. सिद्दींची सत्ताच मुळी आरमारावर उभी होती व समुद्र हाच येथील राजमार्ग होता. राजपुरीची खाडी, मुरुड, श्रीवर्धन ही बंदरे मुंबईशी गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी जोडलेली होती. डोंगराळ व विस्ताराने लहान अशा संस्थानास लोहमार्गाचा खर्च पेलणाराही नव्हता. त्या काळाच्या दृष्टीने हा व्यवहार सयुक्तिक होता, हे मान्य करावे लागते.

तथापि या जलमार्गास एक मोठी मर्यादा होती. पावसाळ्यात खुल्या समुद्रातील वाहतूक बंद पडत असे, आणि जेथे ती चालू राही तेथे जोखीम मोठी असे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. एकाच, तेही ऋतूवर अवलंबून असलेल्या मार्गावर विसंबण्याची किंमत या दुर्घटनेने दाखवून दिली. १९४८ साली जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व त्याच वर्षी राज्यात एस.टी. सुरू झाली. रस्ते वाढले तशी किनारी आगबोट वाहतूक क्षीण होत गेली. मुरुडचा राजमार्ग गेला. त्याच्या तोडीचा दुसरा मार्ग मात्र मिळाला नाही.

कोकण रेल्वेचा आराखडा :
अ. ब. वालावलकर यांनी कोकण रेल्वेच्या मागणीसाठी आयुष्य वेचले. नाथ पै व मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. दिवा-पनवेल-आपटा मार्ग १९८६ साली रोह्यापर्यंत आला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्रास अर्पण करण्यात आला.

हा मार्ग रोह्याहून कोलाड, माणगावमार्गे अंतर्भागातून जातो. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट अशा रुंद खाड्या मुखाशी ओलांडण्यापेक्षा आतून जाणे अभियांत्रिकीदृष्ट्या सोयीचे होते. शिवाय मुंबई-मंगळूर अंतर कमी करणे हा प्रकल्पाचा प्रमुख हेतू होता. म्हणजेच आराखडा लांबच्या प्रवासाच्या हिशेबाने झाला. वाटेवरील किनाऱ्याची गरज त्यात दुय्यम ठरली. मुरुड आणि रोहा यांच्यामध्ये डोंगररांग व १९८६ साली घोषित झालेले फणसाड अभयारण्य असल्याने पुढे थेट फाटा काढणेही अवघड झाले.

मालास रूळ, माणसास रस्ता :
भूगोल हेच एकमेव कारण मानावे, तर पेण ते थळ या लोहमार्गाचे स्पष्टीकरण देता येत नाही. थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्यासाठी हा मार्ग अलिबागच्या उंबरठ्यापर्यंत टाकण्यात आला. त्यावरून खत वाहून नेले जाते. प्रवासी गाडीची मागणी मात्र वर्षानुवर्षे निवेदने, आश्वासने आणि चर्चा यांतच अडकून पडली. रूळ टाकता येतात, खाडीलगतची जमीन त्यांना पेलते, हे येथे सिद्ध झाले आहे. अभाव आहे तो प्रवाशास नियोजनात स्थान देण्याच्या इच्छेचा.

हाच प्रश्न राजपुरी खाडीवर पुन्हा उभा राहत आहे. दिघी बंदर २०२१ साली अदानी समूहाकडे गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिघी औद्योगिक क्षेत्रास मंजुरी दिली. बंदर रेल्वेने जोडण्याचा विचार त्यापूर्वीपासून मांडला जात आहे. समोरच्या काठावर आगरदांडा आहे व तेथून दिघीस जंगल-जेटी सेवा चालते. बंदरासाठी रूळ आले आणि त्यावर केवळ मालगाड्याच धावल्या, तर थळच्याच इतिहासाची पुनरावृत्ती होईल.

सुमारे १२ हजार वस्तीच्या मुरुड शहरासाठी रेल्वे परवडणार नाही, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु तो स्वतंत्र प्रवासी मार्गास लागू होतो. मालासाठी टाकलेल्या मार्गावर दिवसातून दोन प्रवासी गाड्या सोडण्यास नव्हे. शिवाय मुरुडची गरज शहराच्या लोकसंख्येवरून मोजणे अपुरे आहे. तालुक्यातील विद्यार्थी, रुग्ण, मासळी विक्रेते, मुंबईत नोकरीस असलेले चाकरमानी आणि जंजिरा पाहण्यास येणारे पर्यटक हे सर्व त्या हिशेबात धरावे लागतात.

निष्कर्ष :
मुरुडचे रेल्वेवंचित राहणे ही तीन टप्प्यांची निष्पत्ती आहे. संस्थानकाळात जलमार्ग पुरेसा वाटला. कोकण रेल्वेच्या काळात लांबचा प्रवासी महत्त्वाचा ठरला. आणि औद्योगिक मार्गांच्या बाबतीत मालास प्राधान्य मिळाले. पहिल्या दोन निर्णयांमागे भूगोलाचा आधार होता, तिसऱ्यामागे तो नाही. म्हणून दिघीच्या नियोजित मार्गात प्रवासी वाहतुकीची तरतूद मंजुरीच्या वेळीच होणे आवश्यक आहे. नंतर ती मिळत नाही, हे थळने शिकविले आहे. तोपर्यंत रोहा स्थानकावरील गाड्या, मुरुड आगाराच्या एस.टी. फेऱ्या व आगरदांड्याची जलसेवा यांच्या वेळा परस्परांशी जुळविणे हे अल्पखर्चाचे काम सहज करता येण्याजोगे आहे. वाहतुकीचा इतिहास केवळ रूळ कोठे गेले एवढेच सांगत नाही. ते कोणासाठी टाकले गेले, हेही सांगतो.