असीरगडचे कोंडलेले राजे

सातपुड्याची रांग नर्मदा आणि तापी या दोन नद्यांच्या मधून पूर्व-पश्चिम पसरत गेली आहे. तिचा उंचवटा एके ठिकाणी बराच खाली येतो. माळव्यातून दक्षिणेत उतरणाऱ्या सैन्यांना व व्यापारी तांड्यांना शतकानुशतके हीच वाट सोयीची वाटत आली, आणि पुढे लोहमार्ग घालणाऱ्यांनीही तीच पसंत केली. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर, या वाटेच्या अगदी कडेला, पायथ्यापासून अडीचशे मीटरांहून उंच असा एक सुटा डोंगर उभा आहे. त्यावर असीरगड बांधलेला आहे. मुख्य बालेकिल्ला, त्याच्या खाली कमरगड आणि त्याहून खाली मलयगड अशी त्याची रचना. दख्खनचा दरवाजा हे नाव त्याला मिळाले ते त्याच्या जागेमुळे. ज्याच्या हाती हा डोंगर, त्याच्या परवानगीवाचून मोठ्या फौजेला या वाटेने सुखाने जाता येत नसे.

गडाच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ कथा आहेत. गडावरील महादेवाला अश्वत्थामा अजूनही पहाटे फूल वाहून जातो, अशी त्या मुलखातील लोकांची श्रद्धा आहे. सहाव्या शतकातील मौखरी राजा शर्ववर्मा याची एक मुद्रा येथे मिळाली, तीवरून मौखरींचे राज्य येथवर पोहोचले होते असा तर्क काहींनी केला. परंतु मुद्रा ही हातोहात फिरणारी वस्तू. तेवढ्या पुराव्यावर राज्याची सीमा आखणे धाडसाचे होईल. गडाचा सलग इतिहास सुरू होतो तो खानदेशच्या फारुकी सुलतानांपासून, आणि तो ज्या प्रकारे सुरू होतो तो प्रकार ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेरची जहागीर मिळवून मलिक राजा याने इ. स. १३७० च्या सुमारास या राज्याचा पाया घातला. १३९९ मध्ये तो मरण पावला व त्याचा मुलगा नासिरखान गादीवर आला. त्या वेळी असीरचा डोंगर आसा नावाच्या एका धनाढ्य गवळ्याकडे होता. किल्ल्याच्या नावाची व्युत्पत्तीही आसा अहीर या नावावरूनच सांगतात. फेरिस्त्याने दिलेल्या हकिकतीप्रमाणे आसाजवळ हजारो गुरे-मेंढरे होती. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्याने आपली धान्याची कोठारे उघडली आणि भुकेल्या माणसांना काम देऊन डोंगरावर पक्का कोट बांधून घेतला. नासिरखानाने या आसाकडे निरोप धाडला, की शेजारचे राजे आपल्यावर चालून येत आहेत, तरी आपल्या जनानखान्यास गडावर आश्रय द्यावा. पहिल्या दिवशी आलेल्या डोल्यांत खरोखरीच स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. स्वागतास पुढे आलेला आसा आणि त्याचे मुलगे मारले गेले. डोल्यांची ही युक्ती अनेक किल्ल्यांच्या कथांत आढळते, म्हणून तपशिलांवर फारसा भर देऊ नये. तथापि, असीर लढून घेतलेला नव्हता, विश्वासघाताने घेतलेला होता, ही आठवण फारुकींच्या मुलखात दोनशे वर्षे टिकली एवढे खरे.

नासिरखानाने तापीच्या काठी बऱ्हाणपूर वसविले आणि पैलतीरी जैनाबाद. दोन्ही नावे खुलताबादच्या सूफी संतांची. राजधानी नदीकाठी आणि आश्रयस्थान डोंगरावर, अशी ही जोडी पुढे फारुकी राज्याची प्रकृतीच बनली. हे राज्य लहान होते. पश्चिमेस गुजरातचे सुलतान, उत्तरेस माळव्याचे, दक्षिणेस बहामनी व नंतर अहमदनगरची निजामशाही. या बलाढ्य शेजाऱ्यांपैकी एकाशी सोयरीक, दुसऱ्याला खंडणी आणि तिसऱ्याशी गोड बोलणे, यावर ते तगून राहिले. दुसऱ्या आदिलखानाने (१४५७ ते १५०१) गुजरातला खंडणी देणे काही काळ थांबविले आणि गडाची तटबंदी वाढविली. परंतु असा आत्मविश्वास त्या घराण्यात विरळाच. एरवी संकट आले की सुलतानाने बऱ्हाणपूर सोडावे आणि असीरच्या तटाआड जाऊन बसावे, हा ठरलेला क्रम. १५६२ मध्ये अकबराचा सरदार पीर महंमद याने खानदेशात शिरून बऱ्हाणपूर लुटले, तेव्हा मुबारकशहा गडावर होता. पुढे मुर्तझा निजामशहाची फौज आली तेव्हा त्याचा मुलगा महंमदशहा हाही गडावरच जाऊन बसला आणि मोठी रक्कम देऊन मोकळा झाला. राजधानी लुटली जाई, रयत नागवली जाई, पण राजवंश सुरक्षित राही. गडाचा खरा उपयोग हा असा होता.

या सुरक्षिततेचे एक भयंकर अंग होते. अकबराच्या छावणीत असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून तयार झालेल्या वृत्तांतात खानदेशची एक चाल वर्णिली आहे. गादीवर हक्क सांगू शकतील असे राजवंशातील सात पुरुष या गडावर राहत आणि त्यांना तेथून बाहेर पडण्याची मुभा नसे. राजा वारला म्हणजे त्यांपैकी एकाला बाहेर काढून सिंहासनावर बसवीत. बाकीचे आत राहत. भावाभावांची युद्धे टाळण्याचा हा उपाय होता, आणि दिल्ली-आग्र्याच्या तख्तासाठी पुढे जो रक्तपात झाला तो पाहता त्यात काहीच शहाणपण नव्हते असे म्हणवत नाही. परंतु ज्याने घोड्यावरून आपला मुलूख पाहिला नाही, दरबारात बसून शेजाऱ्यांचे वकील ओळखले नाहीत, तो माणूस एके दिवशी अचानक राजा होई. सरहद्दीवरच्या राज्याला याहून धोक्याचा राजा कोणता असावा?

ही उणीव चतुर राजाच्या कारकिर्दीत झाकली जाई. राजे अलीखान (१५७६ ते १५९७) हा असा एक चतुर राजा होता. मोगलांची लाट येणार हे त्याने ओळखले आणि वेळीच अकबराचे सार्वभौमत्व मान्य केले. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरविणारा सुलतान हाच. परंतु गोदावरीकाठी आष्टीच्या लढाईत, १५९७ च्या आरंभी, तो मोगलांच्या बाजूने लढताना पडला. तो शत्रूला मिळाला असा समज होऊन मोगलांनीच त्याचा तळ लुटला, आणि मग त्याचे प्रेत रणात सापडले. त्याचा मुलगा बहादूरशहा गादीवर आला तो हा अपमान मनात धरून.

बहादूरने बापाचे धोरण सोडले. शहाजादा दानियाल बऱ्हाणपुरावरून दक्षिणेत जात असता त्याच्या भेटीस न जाता तो गडावर जाऊन बसला. अकबराला तेवढे कारण पुरले. १६०० च्या वसंतात बादशहा स्वतः बऱ्हाणपुरास येऊन राहिला आणि असीरला वेढा पडला. गडावर धान्य, तेल, दारूगोळा यांची वर्षानुवर्षांची बेगमी होती. पाण्याला तोटा नव्हता. तोफा शेकड्यांनी मोजाव्या इतक्या होत्या. किल्लेदार हबशी होता आणि त्याच्या हाताखाली पोर्तुगीज गोलंदाज होते. डिसेंबरात अबुल फझलाच्या तुकडीने आडवाटेने चढून मलयगड घेतला. पण बालेकिल्ला होता तेथेच राहिला. अकबराने चौलच्या पोर्तुगीजांकडून मोठ्या तोफा मागविण्यासाठी छावणीतील जेरोम झेवियर या पाद्र्यास पत्र लिहावयास सांगितले. झेवियरने नकार दिला. गोव्याच्या विजरईचे खानदेशशी सख्य होते, हे त्यामागील एक कारण मानले जाते.

पुढे काय झाले याविषयी दोन साक्षी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मोगल लेखक म्हणतात, की गडावर माणसे व जनावरे यांची अतोनात दाटी होऊन रोगाची साथ पसरली. माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडे, दृष्टी मंदावे. त्यामुळे बहादूर शरण आला. जेझुइट वृत्तांत निराळाच आहे. त्याप्रमाणे अकबराने स्वतःच्या शिराची शपथ घेऊन बहादूरला भेटीस बोलाविले आणि सुखरूप परत जाऊ देण्याचे वचन दिले. बहादूर गळ्यात उपरणे घालून शरणागताच्या वेषात आला, तीन वेळा मुजरा केला. एका सरदाराने त्याला मानेस धरून जमिनीवर पाडले. मग परत जाऊ देण्याऐवजी गड मोकळा करण्याचा हुकूम त्याच्याकडून लिहून मागण्यात आला. हबशी किल्लेदाराने आपला मुलगा बादशहाकडे पाठविला, तो मारला गेला. तेव्हा त्या वृद्धाने गडावरील राजपुत्रांना विचारले, की तुमच्यापैकी कोणी राजा होऊन लढण्यास पुढे येतो काय? एकही पुढे आला नाही. अशा राजांच्या राज्यात आपल्याला जगावयाचे नाही असे म्हणून त्याने रेशमी शेल्याने गळा आवळून प्राण दिला. त्यानंतर सोन्याच्या मोहरांनी गडाचे दरवाजे उघडले.

व्हिन्सेंट स्मिथ याने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या अकबराच्या चरित्रात जेझुइटांची बाजू उचलून धरली; पुढच्या संशोधकांनी तिच्यावर पुष्कळ आक्षेप घेतले. पाद्र्यांचा वृत्तांत युरोपात छापला जाईपर्यंत अनेक हातांतून गेला होता, आणि अबुल फझल हा तर बादशहाचा पगारी बखरकार. साथ पसरली नव्हती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु बालेकिल्ला हल्ल्याने घेतला गेला नाही, तर त्याचा राजा बाहेर येऊन कैद झाल्यावर तो उघडला, याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद नाही. आणि किल्लेदाराच्या प्रश्नाला मिळालेली ती शांतता खरी असो वा रचलेली, तिच्यात अशक्य असे काहीच नाही. आयुष्यभर ज्यांना राजा होऊ नये म्हणून कोंडले, त्यांनी एका दिवसात राजा व्हावे अशी अपेक्षा त्या स्वामिनिष्ठ वृद्धाने केली होती.

जानेवारी १६०१ मध्ये असीर मोगलांच्या हाती आला. विजयाच्या स्मरणार्थ अकबराने ससाण्याची आकृती असलेली सोन्याची मोहोर असीरच्या नावाने पाडली. खानदेश दानियालला देऊन त्याचे नाव दानदेश ठेवण्यात आले. ते नाव टिकले नाही. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. एका गडावरून दुसऱ्या गडावर एवढाच त्याचा प्रवास. जहांगीरच्या कारकिर्दीत, १६२४ च्या सुमारास, तो आग्र्यास वारला. पकडलेले पोर्तुगीज झेवियरच्या स्वाधीन करण्यात आले, आणि त्याच वर्षी बऱ्हाणपुराहून बादशहाचा वकील गोव्यास गेला.

त्यानंतर गडावर राजे राहिले ते पाहुण्यांसारखे. बापाविरुद्ध बंड करून निघालेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, १६२३ मध्ये दक्षिणेकडे पळत येत असता मोगल किल्लेदाराने गड न लढताच त्याच्या हवाली केला. खुर्रमने गोपाळदास गौड या विश्वासू रजपुतास तेथे ठेवले. १६२६ मध्ये तह झाला तेव्हा बापाने ज्या अटी घातल्या त्यांत रोहतास आणि असीर हे दोन गड परत करणे ही एक अट होती आणि दारा व औरंगजेब या मुलांना ओलीस पाठविणे ही दुसरी. राजपुत्र आणि असीरगड यांची मोजदाद एकाच यादीत व्हावी, हे त्या गडाच्या पूर्वेतिहासाला साजेसेच झाले.

१७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने असीर पेशव्यांना दिला. तेथून तो शिंद्यांकडे आला. असईच्या लढाईनंतर ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने तो घेतला, पण डिसेंबरातील सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो शिंद्यांस परत मिळाला. मग १८१९ साल उजाडले. इंग्रजांच्या पहाऱ्यातून आदल्या वर्षी निसटलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहून असीरकडे आले. त्यांच्याबरोबरचा चितू पेंढारी गडापाशी पोहोचूनही आत जाऊ शकला नाही आणि जंगलात वाघाच्या तोंडी पडला. आप्पासाहेबांना मात्र गडाने आसरा दिला. शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने गड सोडण्यास नकार दिला, तेव्हा डव्हटन आणि माल्कम यांच्या फौजांनी मार्चमध्ये मोर्चे लावले. वेढ्यात इंग्रजांच्याच दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन त्यांचे पुष्कळ शिपाई मेले. परंतु या खेपेस तोफांचा मारा अखंड चालू राहिला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी यशवंतराव शरण आला.

गडाची झडती झाली. आप्पासाहेब सापडले नाहीत. सापडली ती दौलतराव शिंद्यांची चिठ्ठी: उघडपणे गड सोडण्याचा हुकूम देणाऱ्या धन्याने किल्लेदारास आतून वेगळीच आज्ञा केली होती. तिच्या आधारावर इंग्रजांनी असीर कायमचा आपल्याकडे ठेवला. आप्पासाहेब तोवर उत्तरेच्या वाटेला लागले होते. रणजितसिंहाच्या लाहोरास आणि मग हिमालयाच्या पायथ्याशी मंडीच्या राजाकडे काही काळ काढून ते जोधपूरला आले, आणि तेथील महाराजांच्या आश्रयात १८४० साली त्यांचा अंत झाला.