ओढे-नाल्यांचे कायदेशीर संरक्षण

ओढा, नाला, ओहोळ, वहाळ अशा लहान जलप्रवाहांचे पात्र, पाणी व काठ यांना कायद्याने मिळणारे संरक्षण. भारतात केवळ ओढ्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. महसूल, प्रदूषण, किनारा व नगररचना यांविषयीच्या कायद्यांत या तरतुदी विखुरलेल्या आहेत.

मालकी : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले व त्यांची पात्रे दुसऱ्या कोणाची मालमत्ता नसल्यास राज्य शासनाची असतात. हक्काचा वाद उद्भवल्यास जिल्हाधिकारी चौकशी करून निर्णय देतात. खासगी गटातून वाहणाऱ्या व इतरांच्या वापरातील ओढ्याखालचे क्षेत्र सातबाऱ्यावर ‘पोटखराबा – वर्ग ब’ या सदरात मोडते.

प्रदूषण : जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मधील ‘प्रवाहा’च्या व्याख्येत त्या वेळी कोरडा असलेला जलमार्गही येतो. त्यामुळे उन्हाळ्यात आटलेल्या नाल्यातही प्रदूषक द्रव्य सोडण्यास कलम २४ नुसार मनाई आहे.

खाड्या : भरतीचे पाणी पोचणाऱ्या खाड्यांना किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू होते. खाडीची हद्द ठरवण्यासाठी वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता मोजतात. ती दर हजारी ५ भाग असेल तिथपर्यंत खाडी धरली जाते. २०१९ च्या अधिसूचनेत काठालगतचा नियंत्रित पट्टा ५० मी. किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांपैकी जो कमी असेल तो आहे.

न्यायनिर्णय : एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ (१९९६) या बियास नदीकाठच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासन हे नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्त असल्याचे तत्त्व मान्य केले. बंगळूरच्या राजकालुव्यांसाठी (पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्यांसाठी) राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये प्रतवारीनुसार ५०, ३५ व २५ मी. रुंदीचे मोकळे पट्टे ठरवले होते. वैधानिक बृहत् आराखडा बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते रद्द केले.

आंबिल ओढा : हा ओढा कात्रजकडून येऊन पुण्यात मुठेला मिळतो. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवण्यात आला होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुराने काठच्या वस्त्यांत जीवितहानी झाली. त्यानंतर पात्रातील अतिक्रमणे, अरुंद पूल व सीमाभिंती यांचा प्रश्न ऐरणीवर आला.

मर्यादा : लहान प्रवाहांचे संरक्षण मुख्यतः नोंदीवर अवलंबून राहते. गाव नकाशातील ओढा विकास आराखड्यात उतरला नाही, वळवलेला दाखवला गेला किंवा त्याची हद्द मोजून खुणा रोवल्या गेल्या नाहीत, तर अतिक्रमण सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून तक्रार करण्यापूर्वी गाव नकाशा, भूमापन नकाशा व मंजूर विकास आराखडा ताडून पाहणे आवश्यक ठरते. शासकीय जमिनीवरील अतिक्रमण हटवण्याचा अधिकार महसूल संहितेच्या कलम ५० नुसार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.