किरण मशीनचे, निर्णय डॉक्टरचा

मंडळी, कॅन्सर म्हटलं की गागोद्यातही पहिला शब्द येतो, "टाटाला न्या." परळचं हे हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. कॅन्सरच्या उपचारात किरणांचं महत्त्व होमी भाभांनी ओळखलं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आलं. पुढे आपल्याच रायगडात, खारघरला, त्याचं ॲक्ट्रेक केंद्र झालं.

पण रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे घ्यावं लागतं. पेशंटच्या गावाजवळ नुसतं मशीन आणून भागत नाही. किरण कुठे, किती द्यायचे हे ठरवणारा डॉक्टर एमबीबीएसनंतर ३ वर्षं एमडी करून घडतो. विनोबांच्या जन्मगावातून असा एक तरी डॉक्टर निघावा. सायन्सच्या पोरांनो, ऐकताय ना?