खानदेशची कपाशी आणि एका आकड्याचा धोका

आजचा विषय ऐकायला व्यवस्थापनाच्या पुस्तकातला वाटेल. माल पिकतो तिथपासून खपतो तिथपर्यंतच्या साखळीत अनिश्चितता असते. ती डोळ्यांना दिसेल अशी मांडायची कशी, आणि धोका सोसायचा कोणी? मी हे जळगाव-धुळ्याच्या कपाशीवरून सांगणार आहे, कारण आपल्याकडे हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच येऊन गेला.

१८६१ साल घ्या. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठाणं धुळे. पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले ते १९०६ साली. कपाशी पावसाच्या सुरुवातीला पेरायची, वेचणी दिवाळीच्या आगेमागे. सरकी काढलेली रुई बैलगाडीने आग्रा रोडवरून मालेगाव, नाशिक, थळ घाट करत मुंबईला जायची. पुढे जहाज आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला. सुएझ कालवा उघडला १८६९ मध्ये. म्हणजे बघा, शेतकरी बी टाकतो तेव्हापासून त्याची रुई इंग्लंडच्या बाजारात पोचेपर्यंत वर्ष उलटायचं. आणि तिथल्या भावाची बातमी इकडे यायची तीही बोटीनेच.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईत रुईचा भाव तीन-चार वर्षांत तिपटीच्या आसपास गेला. खानदेशचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटचं चांगलं बी आणून पेरायला लावलं. दुसरीकडे रुईत पाणी, सरकी, माती मिसळण्याचे प्रकार इतके वाढले, की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

आता खरी गंमत पुढे आहे. घाटातला रेल्वेमार्ग पूर्ण होऊन गाडी सुरू झाली १८६५ च्या जानेवारीत. माल झटपट मुंबईला न्यायची सोय झाली, आणि तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. भाव कोसळले. १ जुलैला मुंबईतल्या शेअरच्या वायद्यांची मुदत भरली आणि पैसे द्यायला कोणाकडे काही नव्हतं. प्रेमचंद रायचंदसारखा बडा व्यापारीसुद्धा बुडाला.

चुकलं काय? युद्ध कधी संपेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं, ते माफ. पण ते कधीतरी संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी साखळीतल्या जवळजवळ प्रत्येकाने आजचा भाव तोच उद्याचा भाव धरला.

आणि नुकसान सारखं वाटलं गेलं नाही. व्यापाऱ्याला दिवाळं काढता येत होतं. शेतकऱ्याचं पीक कमी-जास्त, भाव कमी-जास्त, पण सरकारचा धारा रोख आणि ठरलेला, सावकाराचं व्याजही ठरलेलं. याच मोजणी-धाऱ्याविरुद्ध १८५२ साली सावदा, एरंडोल भागात लोक जमले होते, हे विसरू नका.

पुढे धोका हाताळायची साधनं आली. मुंबईत कापसाचा वायदेबाजार नियमांत बांधला गेला, १९२१ साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. समजा, जळगावच्या व्यापाऱ्याने नोव्हेंबरात रुई घेऊन गोदामात ठेवली. तेवढीच रुई तो मार्चच्या वायद्यात विकून ठेवतो. भाव पडला तर गोदामात तोटा, वायद्यात नफा. हिशेब जुळतो. पण हे जमायचं ते ज्याच्या गाठीला पैसा होता त्याला. उभ्या पिकावर उचल घेणाऱ्याला कुठला वायदा?

राहिला प्रश्न पिकाचा. आणेवारी तुम्हाला माहीत आहे. गावचं पीक नजरेने बघायचं आणि म्हणायचं, सोळा आण्यांपैकी दहा आणे. एकच आकडा, आणि तो किती चुकू शकतो याचा पत्ता नाही. १९४० च्या दशकात वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या आपल्या संख्याशास्त्रज्ञांनी दुसरी वाट दाखवली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेतं निवडायची, त्यांतला ठरावीक तुकडा मोजून कापायचा किंवा वेचायचा. यातून अंदाज मिळतो आणि सोबत तो किती इकडेतिकडे होईल हेही मिळतं. मला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

१९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत किंमत-चढउतार निधी होता. चांगल्या वर्षी बाजूला काढायचं, वाईट वर्षी वापरायचं. कल्पना चोख होती. पण शेजारच्या राज्यात भाव चढला की आपला कापूस सीमेपलीकडे जायचा, तिकडे पडला की इकडे यायचा, आणि तोटा योजनेच्या गळ्यात. आपल्या जिल्ह्यांना तर मध्य प्रदेश आणि गुजरात दोन्ही जवळ. निधी ठेवताना वाईट वर्षं लागोपाठ आली तर काय, हा हिशेब कच्चा राहिला.

आज पंख्यासारखा पसरत जाणारा आलेख काढतात. बँक ऑफ इंग्लंडने महागाईच्या अंदाजासाठी तो १९९६ मध्ये छापायला सुरुवात केली. जितकं पुढचं बघाल तितका पंखा रुंद. आपलं हवामान खातंही एप्रिलमध्ये पावसाचा अंदाज देताना ‘पाच टक्के कमी-जास्त’ असं सांगतं. बातमीच्या मथळ्यात मात्र एकच आकडा उरतो.

शेतकऱ्याला विचारा, एकरी किती होईल? तो म्हणतो, चार-सहा क्विंटल. आपण म्हणतो, नक्की सांगा ना. मंडळी, त्याने नक्कीच सांगितलेलं असतं. आपण त्याच्या चार-सहाचे पाच करतो, आणि चारच झाले तर फरक त्याच्या खात्यावर टाकतो. म्हणून पुढच्या वेळी कुठलाही अंदाज वाचाल तेव्हा त्याची खालची बाजू शोधा, आणि ती खरी ठरली तर पैसे कोण भरणार, हे आधी विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.