साडेअकरा पौंड

मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने मुंबई तासाभरावर. तिथून पुढे न्यूयॉर्क गाठायला मात्र तिजोरी लागते.

१९१३ साली बाबासाहेब आंबेडकर गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर : महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, बदल्यात दहा वर्षं नोकरीचा करार. मुदत सरली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, पगारातली शिल्लक आणि मित्राचं कर्ज घेऊन.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसल्यावर त्यांनी दलित मुलांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशातल्या शिक्षणासकट, सरकारी तरतूद मागितली. महाराजांच्या मर्जीवर मिळालेलं त्यांना पुढच्या मुलांसाठी अंदाजपत्रकात हवं होतं.

२००३ पासून आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. ओळखीतल्या मुलामुलींना सांगा.