उपासना-वर्ष (ईस्ट इंडियन परंपरा)

उपासना-वर्ष : काळावर देवाची सत्ता आहे या श्रद्धेने कॅथलिक ख्रिस्ती पाळतात ते वर्षचक्र. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळाने ते सुरू होते. मुंबईच्या उपनगरांत ते सोळाव्या शतकात पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर आले. 1534 च्या तहाने वसई व साष्टी (आजच्या उपनगरांचे बेट) पोर्तुगिजांकडे गेली. तिथल्या ख्रिस्ती झालेल्या शेतकरी-कोळ्यांच्या वंशजांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले.

काळावर देवाची सत्ता आहे या श्रद्धेचा एक आधार बायबलमधील 'उपदेशक' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. जन्म-मरण, पेरणे-उपटणे अशा 14 जोड्या तिथे मांडल्या आहेत. हंगाम माणसाच्या हुकमाने येत नाही, तो स्वीकारायचा असतो. भक्ताच्या मनातल्या हंगामांनाही हेच लागू आहे. प्रार्थनेत कोरडेपणा आला म्हणजे श्रद्धा आटली असे नव्हे, हा या परंपरेने दिलेला मोठा दिलासा आहे. वर्षातला असा कोरडा हंगाम राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी कपाळाला लागणारी राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. पुढच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात लग्ने लावायची नाहीत, असा जुना शिरस्ता आहे.

वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार ईस्टरचा असतो, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल असा सरकतो. त्याच्या आदल्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात. धर्मगुरू मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरतात, त्याच्या वर ग्रीक वर्णमालेचे पहिले अक्षर, खाली शेवटचे आणि चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. कोरताना सर्व काळ व सर्व युगे ख्रिस्ताची असल्याचे उच्चारले जाते. मग ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच दाणे खोचतात. लोकलच्या पासावर आणि घराच्या भाडेकरारावर जे साल छापलेले असते, तेच इथे देवाच्या स्वाधीन केले जाते. पुढे वर्षभर बाप्तिस्म्याला आणि अंत्यविधीलाही हीच मेणबत्ती लावतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा आगेरा हा मात्र खास इथल्या मातीचा सण. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागतात. बायका लुगडी नेसून मिरवणुकीत निघतात. पहिले पीक आधी देवाला, मग घरात. अंधेरी-मरोळच्या शेतांवर कारखाने आणि इमारती उभ्या राहिल्या, बऱ्याच गावठाणांत लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, तरी आगेरा टिकला. पीक आपल्या शेतातले नसले तरी ते देणारा देवच, ही समजूत शेतीपेक्षा चिवट ठरली. असाच चिवटपणा एका ओस पडलेल्या चर्चच्या बाबतीतही दिसतो. अंधेरीचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च जेझुइटांनी 1579 मध्ये बांधले. 1840 च्या साथीनंतर ते ओस पडले आणि वस्ती मरोळकडे सरकली. आज त्याचे अवशेष सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आवारात आहेत आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी) होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस ख्रिस्तराजाच्या सणाने वर्ष संपते. पोप अकरावे पायस यांनी 1925 साली हा सण सुरू केला तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येई. 1969 च्या पंचांग-सुधारणेने तो उपासना-वर्षाच्या अखेरच्या रविवारी नेला.